‘येस मिनिस्टर’चा पहिला भाग: त्यात एक माणूस जास्त आहे का?

कृष्णाकाठ, सांगली

मालिका गाजली की तिचा पहिला भागही आपण मागाहून थोर ठरवून टाकतो. ‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश विनोदी मालिकेचं तसंच झालंय. आमचा विश्रामबागेत रविवारी जमणारा कंपू आहे. परवा ‘ओपन गव्हर्न्मेंट’ हा पहिला भाग पुन्हा लावला आणि त्यावरून चांगलीच जुंपली. तो वाद इथे आणतोय, कारण इथे कचेरीत हयात घालवलेले आणि तालमीच्या हॉलमध्ये हयात घालवलेले, दोन्ही जातीचे लोक आहेत.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसी टू वर २५ फेब्रुवारी १९८० ला हा भाग लागला. लेखक अँटनी जे आणि जोनाथन लिन. जिम हॅकर निवडून येतो, टेलिफोनपाशी बसून पंतप्रधानांच्या बोलावण्याची वाट बघतो आणि त्याला ‘प्रशासकीय कामकाज’ नावाचं खातं मिळतं. कारभार लोकांसाठी खुला करायचा, हे त्याच्या पक्षाचं वचन. सचिव सर हंफ्री अ‍ॅपलबी एका शब्दाने विरोध करत नाही, उलट मसुदाच तयार ठेवतो. मग अमेरिकेतून मागवलेल्या संगणक पडद्यांच्या ऑर्डरचा कागद हॅकरच्या हाती लागतो. तो तडफदार भाषण तयार करतो, वर्तमानपत्रांसाठी पत्रकही काढतो आणि नेमकं तेव्हाच कळतं की पंतप्रधान अमेरिकेशी करार करायच्या बेतात आहेत. मंत्रिपद जातंय अशी वेळ येते. हंफ्रीने मात्र जुन्या नियमावर बोट ठेवून, मंजुरीअभावी ते पत्रक बाहेर जाऊच दिलेलं नसतं. हॅकर वाचतो आणि खुला कारभार तिथंच मिटतो.

गोष्ट पक्की आहे, तक्रार नाही. माझं म्हणणं असं की हा भाग अजून आपली चाल शोधतोय. तो मे १९७९ च्या ब्रिटिश निवडणुकीआधीच चित्रित झाला होता. निवडणुकीच्या धामधुमीत राजकारणावरची विनोदी मालिका नको म्हणून बीबीसीने ती थांबवून ठेवली. म्हणजे चित्रित करताना हा नमुन्याचा भाग होता. त्यामुळे लेखकांनी सगळंच त्यात कोंबलंय: मतमोजणी, घर, बायको, फोन, पक्षातली भांडणं. नावांची चित्रं आणि सुरुवातीचं संगीतसुद्धा वेगळं आहे. जेराल्ड स्कार्फची ती नाकाडी व्यंगचित्रं आणि रॉनी हेझलहर्स्टची घड्याळाच्या टोल्यांवर बेतलेली धून नंतर आली.

आणि फ्रँक वाइझेल. हॅकरचा राजकीय सल्लागार. हा माणूस पहिल्या भागात सतत मध्ये आहे. ‘हे अधिकारी तुला गुंडाळणार’ असं तो हॅकरला उघड सांगतो. अहो, प्रेक्षकाला जे हळूहळू कळायला हवं ते हा आरडाओरडा करून सांगून टाकतो! त्याच्यामुळे हंफ्री उघडा खलनायक वाटतो आणि हॅकरला स्वतःच्या डोक्याने संशय घ्यायची संधीच मिळत नाही. पहिल्या पर्वाचे सात भाग तो टिकला, मग गायब. मालिकेची खरी मजा तो गेल्यावर सुरू झाली. कारण मग हॅकरला आदर्शवादीही व्हावं लागलं आणि घाबरटही, दोन्ही एकाच कातडीत.

हंफ्रीबद्दलही तेच. नायजेल हॉथॉर्नचा आवाज पहिल्या वाक्यापासून त्याचाच आहे, पण ते श्वास न घेता पानभर चालणारं वाक्य अजून जन्मलेलं नाही. इथे त्याच्याकडे नुसती यादी आहे: मी कायम सचिव, हे तुमचे खाजगी सचिव, मलाही एक खाजगी सचिव, माझ्या हाताखाली दहा उपसचिव, त्यांच्याखाली आणखी ८७, त्यांच्याखाली आणखी २१९… यादी ऐकून हसू येतं. पुढे त्याचं वाक्य ऐकता ऐकता आपण हरवतो, तो मजा वेगळा.

पटतंय का? की मी उगाच कीस काढतोय?

बेदाणा, तासगाव

काका, तुम्ही एवढं लिवलंय म्हणून परत बघितला. पयली दहा मिनटं मला काय हसू आलं न्हाई. त्यो फोनपाशी बसलाय, बायको वैतागलीय, आमच्या गल्लीत झेडपीचं तिकीट मिळायच्या आदल्या रात्री ह्याच्यापेक्षा जास्त करमणूक असती.

माझी खरी अडचण येगळीच हाय. मी आधी ह्याचंच हिंदी रूप, ‘जी मंत्रीजी’, बघितलं. २००१ ला स्टार प्लसवर लागायचं. फारूक शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. आता इंग्रजी बघताना मला सारखं वाटतंय की ह्यो गोरा फारूक शेखची नक्कल करतोय.

आवकजावक, सांगली

जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या अधिकाराने लिहितो.

कृष्णाकाठ, तुम्ही ज्या भागाला ‘चाल शोधणारा’ म्हणताय त्यातला एक प्रसंग मला सबंध मालिकेत सगळ्यांत खरा वाटतो. हॅकर पहिल्यांदा दालनात येतो आणि त्याचा खाजगी सचिव बर्नार्ड त्याच्यापुढे दैनंदिनी ठेवतो. ती आधीच भरलेली. बैठका, भाषणं, भेटी, सगळं ठरलेलं. हॅकर म्हणतो, मी येणार हे तुम्हाला काय माहीत? बर्नार्ड शांतपणे म्हणतो, कोणीतरी मंत्री येणार हे आम्हाला माहीत होतं.

नवा सभापती पदभार घ्यायला येतो तो दिवस डोळ्यांपुढे आणा. दालन आदल्या दिवशी झाडून पुसून ठेवलेलं. खुर्चीच्या पाठीवर नवा कोरा टर्किश टॉवेल, तोही पांढराच. दारावर पितळी पट्टी असते, तिच्यात नावाची पाटी सरकवायची. पदाची पाटी कायम, नावाची तेवढी बदलते. जुन्या नावाची पाटी शिपाई काढतो आणि फडताळात ठेवतो, टाकत नाही, कारण राजकारणात माणूस परतही येतो. साहेब आले, हार झाले, पेढे झाले, माणसं पांगली की आम्ही टेबलावर पहिला कागद ठेवायचो तो दौरा कार्यक्रमाचा. टंकलिखित, तारखा घातलेला. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुली. नवा माणूस कोणत्याही पक्षाचा असो, त्या फुलीवर सही करायचाच. पहिल्याच दिवशी ‘हे कोणी ठरवलं?’ असं विचारणारा मला तरी भेटला नाही. हॅकर निदान विचारतो तरी.

हा प्रसंग लिहिणाऱ्याला चाल सापडलेली नाही असं मी कसं म्हणू?

दुसरं असं की तुम्ही त्या खात्याकडे लक्ष दिलं नाही. हॅकरला मिळालेलं प्रशासकीय कामकाज खातं म्हणजे तिकडे राजकीय स्मशान समजतात. आपल्याकडे उलट आहे. सामान्य प्रशासन विभाग मुख्यमंत्री सहसा स्वतःकडेच ठेवतात, कारण बदल्या आणि नेमणुकांची दोरी तिथे असते. हॅकरला हे कळलं असतं तर तो रडत बसला नसता.

पडद्यामागे, सांगली

भावे नाट्यमंदिरात हौशी नाटकांची प्रकाशयोजना केलीय, अजून करतो. त्यामुळे माझा मुद्दा थोडा तांत्रिक.

तुम्ही सगळे लेखनाबद्दल बोलताय. हा भाग बघताना हशा ऐका. हा हशा स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचा आहे, म्हणजे नटांपुढे नाटकासारखाच खराखुरा समोरचा प्रेक्षक. पहिल्या भागात हशा बघा कुठे पडतो. शाब्दिक कोट्यांवर लगेच पडतो. हॅकरची बायको अ‍ॅनी विचारते, कोणाकडे अक्कल आलीय का, आणि हॅकर खात्यांच्या नादात म्हणतो, म्हणजे शिक्षण? तिथे टाळी. पण हंफ्री नुसतं ‘येस मिनिस्टर’ म्हणतो तिथे प्रेक्षक अजून हसत नाही, हसलाच तर थोडं उशिरा. कारण त्या दोन शब्दांचा अर्थ ‘नाही’ असतो हे त्याला अजून कोणी शिकवलेलं नाही. प्रेक्षकालाही तालीम लागते हो. चौथ्या-पाचव्या भागापर्यंत हंफ्रीने नुसती भुवई उचलली की लोक हसतात. पाचव्या भागात, ‘द रायटिंग ऑन द वॉल’मध्ये, तो ब्रिटनचं युरोपविषयक धोरण उलगडून सांगतो: पाचशे वर्षं आमचं एकच उद्दिष्ट, युरोप फुटलेला ठेवायचा. तो प्रसंग पहिल्या भागात घातला असता तर सपाट पडला असता. हंफ्री खरं बोलतोय हाच त्यातला धक्का आहे, आणि त्याआधी चार भाग तो खरं न बोलण्याचं काम चोख करत आला होता.

म्हणून मालिकेला सूर सापडत होता हे कृष्णाकाठांचं म्हणणं मला मान्य, पण तो फक्त लेखकांना सापडत नव्हता, समोरच्या लोकांनाही सापडत होता.

सांगलीत बसून हे आपल्याला नवीन नसावं. हरिपूरच्या देवलांनी १८९३ मध्ये फाल्गुनराव आणि तसबिरीच्या घोटाळ्याचा गद्य फार्स लिहिला. मूळ मोलिएरचं, मर्फीच्या इंग्रजी रूपांतरातून आलेलं. त्याचं पदांसह ‘संशयकल्लोळ’ गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं १९१६ मध्ये. मधे तेवीस वर्षं. आज तो गद्य फार्स कोणाच्या ध्यानातही नाही. टीव्हीवाल्यांना एवढी सवड कुठली, सात भागांत पाय रोवावे लागतात.

बेदाणा, तासगाव

पडद्यामागे भाऊ, देवल काढल्याशिवाय तुमची एक पोस्ट जाईल का? नाद न्हाई करायचा.

मिरजेची ताई

इतका वेळ सगळे वाइझेल आणि हंफ्रीत अडकलेत, बर्नार्डकडे कोणाचं लक्षच नाही. माझ्या मते पहिल्या भागात सर्वांत कच्चं पात्र असेल तर ते बर्नार्ड वूली. डेरेक फाउल्ड्सचं काम छान आहे, पण लेखकांनी त्याला अजून बाजू दिलेली नाही. तो थोडा आगाऊ आहे. हॅकर फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरतो तेव्हा बर्नार्ड म्हणतो की मंत्री दोन प्रकारचे आणि खुर्च्याही दोन प्रकारच्या, एक चटकन मिटणारी, दुसरी गोल गोल फिरत राहणारी. पहिल्याच दिवशी नव्या मंत्र्याच्या तोंडावर हे बोलणारा बर्नार्ड नंतरच्या बर्नार्डशी जुळत नाही. नंतरचा बर्नार्ड असं काही बोलला तर ते चुकून, व्याकरण दुरुस्त करता करता बोललेलं असतं.

आमच्या मिरजेत तानपुरा तयार झाला, तारा चढवल्या, सुरातही आला, तरी घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावेपर्यंत तो बोलत नाही. पहिल्या भागात सगळे सुरात आहेत, जवारी लागायची आहे. आणि तो दोरा म्हणजे बर्नार्ड. मंत्री आणि सचिव या दोघांमध्ये कुठे सरकवायचा ते लेखकांना सापडलं की मालिका झंकारली. त्याचा पगार, बढती, गोपनीय अहवाल सगळं हंफ्रीच्या हातात आणि रोजचा सहवास हॅकरचा. कोणाचं मीठ खायचं?

जाता जाता. हॅकर पदांची ती लांबलचक यादी ऐकून विचारतो, यांना सगळ्यांना टायपिंग येतं का? हंफ्री म्हणतो, आमच्यापैकी कोणालाच येत नाही, टायपिंग मिसेस मॅके करतात, त्या तुमच्या सेक्रेटरी. हा विनोद मला सगळ्यांत जास्त आवडतो. आपल्याकडे लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची परीक्षा द्या, आणि मग जसजशी बढती मिळेल तसतसं टायपिंग विसरत जा. सगळा विभाग चालतो त्या मिसेस मॅकेंवर आणि त्या पडद्यावर येतात किती वेळ ते मोजा. आवकजावक काका, तुमच्या कचेरीतल्या मॅकेबाईंबद्दलही कधी लिहा.

आवकजावक, सांगली

ताई, लिहिण्यासारख्या बऱ्याच होत्या. एकीला कोणत्या कपाटात कोणत्या सालची नस्ती, म्हणजे फाईल, आहे ते पाठ होतं. त्या रजेवर गेल्या की अधिकारीही दौऱ्यावर जायचे, कारण कचेरीत बसून करणार काय?

वृत्तवाहक, कुपवाड

एक शंका. अमेरिकन ऑर्डरचा तो कागद वाइझेलला सापडतो की हंफ्रीने सापडू दिलेला असतो? मला वाटतं मुद्दाम पेरलाय. पण भागात कुणी तसं स्वच्छ सांगत नाही.

आवकजावक, सांगली

कचेरीत कागद सापडत नसतो, सापडवला जातो. कोणता कागद वर ठेवायचा आणि कोणता गठ्ठ्यात तळाशी, एवढंच तर आमचं शास्त्र. सहाव्या भागात, ‘द राइट टू नो’मध्ये, हंफ्री हेच सांगतो: मंत्र्यांच्या लाल पेट्या असतात ना, त्यांतल्या पाचव्या पेटीच्या तळाशी नको तो कागद घालायचा. दिला नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

माहिती लपवायची नसते. माहितीखाली माहिती पुरायची असते.

अभ्यासिका, सांगली

काका, मी राज्यसेवेची तयारी करतोय. आमच्या अभ्यासिकेत मुलं ही मालिका ‘राज्यशास्त्राचं रिव्हिजन’ म्हणून बघतात, म्हणजे तसं घरी सांगतात. मला पडलेला प्रश्न: या भागातल्या ‘खुल्या कारभारा’ची आज गंमत उरते का? कारण महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. ब्रिटनने कायदा २००० मध्ये केला आणि लागू केला १ जानेवारी २००५ पासून. म्हणजे ज्यांच्यावर विनोद केला त्यांच्याकडेही कायदा यायला वीस वर्षं लागली. आज हंफ्रीला एवढं सहज हे गुंडाळता आलं असतं का? आपल्याकडे कलम ४ मध्ये तर कार्यालयांनी कोणी मागायच्या आधीच माहिती प्रसिद्ध करायची आहे.

आवकजावक, सांगली

बाळा, कलम ४ चा फलक आमच्याकडे जिन्यातच लावलेला होता. माहिती अधिकाऱ्याचं नाव होतं, पदनाम होतं. फक्त ते गृहस्थ तिथून बदलून गेल्याला बराच काळ झाला होता.

पण चेष्टा बाजूला. कायद्याने फरक पडला आणि मोठा पडला. अर्ज आला की तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अपील, आणि दंड अधिकाऱ्याच्या खिशातून. त्यामुळे टिपणी लिहायची पद्धतच बदलली. पूर्वी अधिकारी नस्तीवर मन मोकळं करायचे. आता शेरा छोटा झाला. ‘चर्चा करावी.’ झालं. चर्चेत काय झालं ते नस्तीवर येत नाही, म्हणून माहिती अधिकारातही येत नाही. २००५ चाच आपला दुसरा कायदा आहे, बदल्यांचा आणि दफ्तरदिरंगाईचा. त्यात म्हटलंय की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आता नस्ती पडून राहत नाही. ‘तपासून पुनश्च सादर करावे’ असा शेरा घेऊन ती खाली जाते, खालून वर येते. सतत प्रवासात.

या भागात हंफ्रीचा नियम आहे बघ, ज्या गोष्टीबद्दल काही करायचं नसतं तिच्याबद्दल जास्तीत जास्त बोलावं लागतं, आणि अडचणीचा शब्द मसुद्याच्या मथळ्यातच घालून मोकळं व्हावं. हे वाचून मी परीक्षेला बसलो नसतो, पण तू बस.

मात्र एक फरक लक्षात ठेव. त्यांचा सचिव कायम. आपल्याकडे मुख्य कार्यकारी अधिकारी त्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं, प्रत्यक्षात त्याआधीच उचलला जातो. साहेबही पाहुणे आणि पदाधिकारीही पाहुणे. मुरलेला राहतो तो कार्यासनावरचा माणूस. आपल्याकडचा हंफ्री वर्ग तीनमध्ये असतो.

कृष्णाकाठ, सांगली

आवकजावक, हे शेवटचं वाक्य मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि ‘जी मंत्रीजी’ मला कुठे अडलं तेही आता कळलं. अभिनय दोघांचा उत्तम, मूळ संवाद तर जवळपास तसेच आणले होते. पण इंग्रजी सचिवाचं कायमपण त्यांनी दिल्लीत जसंच्या तसं उतरवलं. बघताना वाटायचं, त्यातल्या या सचिव माथुरसाहेबांची बदली कशी होत नाही?

पडद्यामागे, हशाचा मुद्दा लाख मोलाचा. त्याला जोडून एक. पॉल एडिंग्टन तेव्हा ‘द गुड लाइफ’मुळे घराघरांत ओळखीचा होता. पहिला भाग कॅमेराही त्याच्याच मागे फिरतो: घरी, फोनपाशी, गाडीत. हॉथॉर्न त्यामानाने कमी ओळखीचा. पुढे तोल बदलला आणि बाफ्टा पारितोषिक हॉथॉर्नने याच भूमिकेसाठी चारदा नेलं. एडिंग्टनला एकदाही नाही.

पडद्यामागे, सांगली

कारण ऐकणाऱ्या नटाला बक्षीस मिळत नाही. हंफ्रीचं ते पल्लेदार वाक्य चालू असताना एडिंग्टनचा चेहरा बघा. आधी समजल्याचा आव, मग समजत नसल्याची शंका, मग ‘हे मला समजायला हवं होतं का?’ ही भीती आणि शेवटी कंटाळा. हे सगळं एक शब्द न बोलता. हशा हॉथॉर्नच्या खात्यावर जमा होतो, पण कमावतो हा. पहिल्या भागात त्याला असं ऐकायचं कामच फार थोडं दिलंय, कारण त्याच्या वतीने संशय घ्यायला वाइझेल उभा आहे. तेव्हा तिथे कृष्णाकाठांना माझं अनुमोदन. तो माणूस रंगमंचावर जागा अडवतो.

वृत्तवाहक, कुपवाड

वाइझेल म्हणजे आपल्याकडचा ओएसडी हो. मंत्री बदलला की बाहेरून येणारा विशेष कार्य अधिकारी. पक्षाचा माणूस, उत्साह दांडगा, आणि पहिल्या आठवड्यात त्याला बसायला टेबलही मिळत नाही. पहिल्या पर्वात त्याची जी परवड केलीय, बाहेरच्या खोलीत ताटकळत ठेवायचं, कागद दाखवायचे नाहीत, ती अगदी बरोबर आहे. मला तर तो काढून टाकला याचं वाईट वाटलं.

आवकजावक, सांगली

आणि त्याला घालवला कसा बघा! सातव्या भागात. नेमणुकांची जी खिरापत वाटली जाते तिच्याविरुद्ध हा ओरडत असतो, तर त्यातलीच एक खुर्ची त्याला देतात. गेला गप. असं काम आमच्याकडेही महामंडळं आणि समित्यांवर होतं. विरोधक शांत करायचा असेल तर त्याला त्याच विषयाच्या समितीवर घ्या, प्रवासभत्त्यासकट.

मिरजेची ताई

तरीही कृष्णाकाठांचा मूळ प्रश्न शिल्लक राहतोच. वाइझेल पहिल्या भागातून काढून बघूया. मग अमेरिकन ऑर्डरचा कागद हॅकरकडे आणणार कोण?

कृष्णाकाठ, सांगली

बर्नार्ड. सोपं आहे. चुकून दाखवतो.

मिरजेची ताई

नाही चालणार. तो कागद खरंच अडचणीचा असेल तर बर्नार्ड हंफ्रीशी गद्दारी करतो, आणि पेरलेला असेल तर हॅकरला फसवतो. पहिल्याच भागात बर्नार्डने बाजू घेतली तर पुढे तो दोघांच्या मध्ये उभाच राहू शकत नाही. ज्या पात्रावर उरलेली सगळी मालिका तोलायची त्याचे हात पहिल्या दिवशी स्वच्छ ठेवायचे, तर कागद आणायला कोणीतरी बाहेरचा हवा. हॅकर स्वतः शोधू शकत नाही, त्याला त्या दिवशी स्वतःच्या दालनातली माणसंसुद्धा ओळखता येत नाहीत. तेव्हा तुमचा तो जास्तीचा माणूस या एका भागापुरता तरी लागतोच.

पडद्यामागे, सांगली

ताई, हे पटलं. ज्याला पुढे काही काम नाही त्याच्याच हातून पहिला घोटाळा करून घ्यायचा. फार्सात नोकर असतो तो याचसाठी.

कृष्णाकाठ, सांगली

एका भागापुरता म्हणता तर ठीक. मग पुढचे सहा भाग कशाला ठेवला?

बेदाणा, तासगाव

सात भागांचा पगार ठरला आसंल काका.

आवकजावक, सांगली

आणि बेदाणा, नेमणूक एकदा झाली की मधेच काढता येत नाही. नोटीस, खुलासा, चौकशी. तोवर पर्व संपतं.